अंधारावर संपणारं स्तोत्र

आमच्या घरात तक्रार करायला बंदी नव्हती. ती आभार न मानता संपवायला बंदी होती. रोज संध्याकाळी दिवे लागले की कुटुंबाची उपासना व्हायची. आई मळलेली कणीक झाकून, हात पुसत येऊन बसायची, पपा वेताच्या खुर्चीत, मी आणि माझा थोरला भाऊ सुधीर खाली सतरंजीवर. गीत झालं, वचन वाचून झालं, की प्रत्येकानं आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची. सुधीर शाळेत असताना एकदा म्हणाला, "प्रभू, मी गणितात नापास झालो," आणि तिथंच थांबला. पपांनी मिटल्या डोळ्यांनीच घसा खाकरला. सुधीरनं जरा वेळ काढला, मग म्हणाला, "पण भूगोलात पास झालो म्हणून तुझे आभार मानतो," आणि मगच सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुढे आम्हा भावंडांत त्याचा खेळच झाला. भाजी खारट झाली की सुधीर माझ्याकडे बघून पुटपुटायचा, "पण भात आळणी आहे म्हणून आभार." आईला हसू यायचं, ते ती पदराआड ठेवायची, कारण पपांना यात गमतीचं काहीच वाटत नसे. दुःख देवाला जरूर सांगावं, पण त्याच्या दारात कचरा टाकून येऊ नये, जाताना झाडून जावं, असं त्यांचं म्हणणं. माझं नाव त्यांनीच सुवार्ता ठेवलं. या नावाच्या मुलीनं तोंड पाडून बसायचं नसतं, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले.

पपा पाळक होते. नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत येता येईल अशा एका जुन्या आवारात चर्च होतं, चर्चच्या मागे आमचं घर आणि मधे चिंचेची झाडं. घराला सगळे बंगला म्हणत. बंगला कसला, कौलारू चार खोल्या. पावसाळ्यात त्यातल्या दोनच राहण्याजोग्या. पण घर चर्चचं होतं, पाळकपद आहे तोवर आमचं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आई आधी विचार करायची. घरात घड्याळ नसतं तरी चाललं असतं. सकाळी पंचवटी एक्सप्रेस गेली की माझी आंघोळ, नोटा छापणाऱ्या प्रेसचा भोंगा झाला की आईची शाळेत शिकवायला निघायची घाई, आणि वारा आमच्या दिशेनं असला तर जेल रोडकडून तुरुंगातली तासाची घंटा. स्टेशनवरची बाई दिवसभर कुठली ना कुठली गाडी येत असल्याचं सांगायची. सुधीर रेल्वेत लागून मनमाडला गेल्यावर त्या बाईचा आवाज मला एकटीलाच उद्देशून आहे असं वाटायला लागलं.

मी बारावीत होते त्या वर्षी पपांचे डोळे जायला लागले. आधी गीतांचे नंबर चुकायचे. मग एका बाप्तिस्म्याला त्यांनी बाळाच्या आईऐवजी शेजारी उभ्या असलेल्या मावशीला प्रश्न विचारले. चर्चभर हसू पिकलं, पपाही हसले. घरी आल्यावर हसले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या मागचा पडदा झिजत चालला आहे. चष्म्यानं काही होणार नाही, ऑपरेशनचाही उपयोग नाही. रिक्षातून परत येताना मी दोघांच्या मधे बसले होते. पपा माझ्या डोक्यावरून आईला म्हणाले, "हे घराबाहेर जायला नको." आई म्हणाली, "सुधीरला तरी..." पपा म्हणाले, "सुधीर म्हणजेही बाहेरच." आईनं रिक्षाचा दांडा धरला आणि बाहेर बघत राहिली. पाळकपद गेलं तर घर जाणार, हे एक झालं. दुसरं त्याहून मोठं होतं. पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, नवं मराठी भाषांतर करणारी एक समिती होती आणि स्तोत्रांपैकी काही स्तोत्रं तिनं पपांकडे सोपवली होती. मूळ हिब्रू बघायचं, प्राचीन ग्रीक भाषांतर ताडून पाहायचं आणि मराठी मसुदा करायचा, असं काम. तरुणपणी सेमिनरीत शिकलेल्या त्या दोन भाषा पपांनी इतकी वर्षं कुणी न विचारता जपल्या होत्या. आता कुणीतरी विचारलं होतं, आणि नेमकं आत्ताच अक्षर दिसेनासं झालं होतं.

मला राहुरीला शेतकीच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. आमच्या समाजातल्या मुली नर्सिंगला नाहीतर डी.एड.ला जात. मला माती आवडायची, तीही उगीच नाही, समजून घ्यायला आवडायची. नांदगावची काळी आणि आमच्या आवारातली मुरमाड एकाच जिल्ह्यात कशी, असले प्रश्न शाळेत विचारून मी मास्तरांना भंडावून सोडलं होतं. पपांना माझ्या निवडीचं कौतुकच होतं. फक्त ते म्हणाले, "एक वर्ष थांब बाळा. एवढी स्तोत्रं हातावेगळी होऊ दे." आईनं री ओढली, "एका वर्षाचा तर प्रश्न आहे." मी थांबले. वर्ष संपलं, आणि जूनच्या तोंडावर पपा पुन्हा म्हणाले, "आता मधेच सोडलं तर सगळंच वाया जाईल." या खेपेला आईनं री ओढली नाही. ती उठून तांदूळ निवडायला बसली. मी तिच्याकडे बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की तांदूळ सकाळीच निवडून झाले होते.

तर मी पपांचे डोळे झाले. हिब्रू अक्षरं मला त्यांनी तळहातावर बोटानं काढून शिकवली. आलेफ, बेथ, गिमेल, उजवीकडून डावीकडे. मला अर्थ कळायची गरज नव्हती, उच्चार बरोबर हवा. सकाळी आई शाळेत गेली की जेवणाच्या टेबलावर मेणकापड पुसून मी जाडजूड ग्रंथ मांडायची. एक हिब्रू, एक ग्रीक, एक भला मोठा कोश. मी वाचायची, पपा मान तिरकी करून ऐकायचे, पुन्हा म्हणायला लावायचे, मग कोशातली नोंद वाचायला सांगायचे. मराठी ओळ ठरली की मी ती मोठ्या अक्षरात उतरवायची. मधे शेगडीवर डाळ लावलेली असायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि हिब्रूच्या मात्राही. कधीतरी मी डाळ करपवली की पपा म्हणायचे, "आज यशयाचा धूर झाला." यशया संदेष्ट्याला दर्शनात मंदिर धुरानं भरलेलं दिसतं, त्यावरून. त्यांना विनोद करता येत नसे असं नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मला आवडायच्याही. एखादा शब्द कोशातून उकलत गेला की पपांचा चेहरा उजळायचा, तो बघणारी जगात मी एकटीच होते.

पण दुपार झाली की माझा जीव घुसमटायचा. मैत्रिणी पुण्याला, नगरला गेलेल्या, त्या सुट्टीत यायच्या, वसतिगृहाच्या गोष्टी सांगायच्या आणि विचारायच्या, "तू काय करतेस गं?" मला खरं सांगता यायचं नाही. मी म्हणायची, "पपांना मदत." त्या एकमेकींकडे बघायच्या. आवारात कुजबुज होती की पाळकांच्या मुलीचं कुठंतरी जमवताहेत म्हणून घरात बसवली आहे. रविवारी तर माझी ड्यूटीच असायची. भक्ती संपल्यावर पपा दाराशी उभे राहून लोकांचे हात हातात घ्यायचे, मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून ओठ न हलवता नावं सांगायची. "कांबळेकाका. मागे सूनबाई, कडेवर मूल." पपा म्हणायचे, "या कांबळे! नातू मोठा झाला की!" लोक खूश व्हायचे. पाळकसाहेबांची स्मरणशक्ती म्हणजे काय, असं म्हणत घरी जायचे. संध्याकाळच्या प्रार्थनेतही डोळ्यांचं नाव काढायचं नव्हतं. "देवाला ठाऊक आहे, त्याला सांगत बसायला नको," पपा म्हणायचे. म्हणजे ज्या एका जागी तक्रार चालायची तिथंही आता कुलूप लागलं. मी रोज डोळे मिटून ऊन, पाणी, चिंच, सुधीरची बदली असल्या गोष्टींसाठी आभार मानायची आणि मनातल्या मनात किंचाळायची. माझा पपांवर जीव होता, आणि त्यांचा मला राग यायचा, आणि हे दोन्ही एकाच ताटात जेवायला बसायचं.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आमच्या वाट्याला आलं ते त्या दुसऱ्या हिवाळ्यात. थंडी अशी की टेबलाशी बसताना मी पायावर आईची जुनी शाल घ्यायची. स्तोत्रांत रडगाणी पुष्कळ आहेत. पण बाकीची शेवटी कुठंतरी वळतात, ओरडणारा माणूस निदान एका ओळीपुरता तरी देवाची स्तुती करतो. पपांचा आभाराचा नियम तिथूनच आलेला. हे स्तोत्र वळत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक माणूस बुडत राहतो. मी मधली एक ओळ वाचली, "कालु, व लो एत्से."

"पुन्हा."

"कालु, व लो एत्से."

"कोंडलेला," पपा म्हणाले. "तुरुंगाला त्याच मुळातून शब्द आहे. आपला जेल रोडच धर. मला कोंडून घातलंय आणि मला बाहेर निघता येत नाही. आता ग्रीक बघ."

ग्रीक अक्षरं मला सोपी जायची. "पारेदोथेन, काइ ऊक एक्सेपोरेउओमेन."

"हं. यांनी वेगळं केलंय. मला सोपवून दिलं, आणि मी बाहेर पडत नव्हतो." पपा स्वतःशीच मान हलवत होते. "त्यांच्यासमोर वेगळी प्रत असेल, किंवा त्यांना ते तसं वाटलं असेल. समितीचा नियम असा की ओळीत हिब्रू घ्यायचं, ग्रीक तळटीपेत."

"कुणी सोपवलं, पपा?"

"ते सांगितलेलं नाही."

"आणि हिब्रूत कुणी कोंडलंय?"

"तेही नाही. पण तो देवाशीच बोलतोय, म्हणजे त्याच्या मते देवानंच."

"नेहमी देवच असतो का?"

पपांचा हात चहाच्या कपाकडे निघाला होता तो वाटेत थांबला. बाहेर स्टेशनवरची बाई भुसावळकडची गाडी उशिरा असल्याचं सांगत होती. मला वाटलं, आता ते विचारतील, आता तरी विचारतील. पपांनी कप चाचपून उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, "पुढची ओळ वाच."

मी वाचली. दुसरं करणार काय? पण तेव्हापासून ती ओळ मला चिकटली. भांडी घासताना, दोरीवर कपडे टाकताना ती तोंडात यायची. कालु, व लो एत्से. अडीच हजार वर्षांपूर्वीचा कोण कुठला माणूस, त्यानं माझं गाऱ्हाणं माझ्याआधी मांडून ठेवलं होतं, आणि शेवटी झाडलोट न करताच निघून गेला होता. शास्त्रात असं चालतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझी एकटीची वाटणारी गोष्ट एकटीची नाही, एवढ्यानंही बरं वाटतं, हे मी तिथं शिकले. आजही माती परीक्षणाच्या कामात एखादा शेतकरी तासभर नुसतं रडून जातो, उपाय विचारतच नाही, तेव्हा मी त्याला मधे तोडत नाही.

शेवटच्या ओळीपाशी मात्र पपाच अडले. हिब्रूत त्या स्तोत्राचा अगदी शेवटचा शब्द आहे माहशाख. अंधार. मित्र दूर केलेस, सोबती दूर केलेस, माझ्या ओळखीचं काय उरलं, तर अंधार. तिथं स्तोत्र संपतं. ग्रीक करणाऱ्यांनी त्या जागी क्लेश असा शब्द ठेवला आहे. समितीचा नियम पपांनी मला शंभरदा सांगितला असेल, पण या एका ओळीला ते तो लावीनात. "ग्रीक पुन्हा वाच," म्हणायचे. आज "माझ्या क्लेशांमुळे" लिहायला सांगायचे, उद्या खोडून "माझ्या दैन्यामुळे", परवा "विपत्तीमुळे". माझ्या अक्षरातली ती ओळ खोडून खोडून काळी झाली. मी एकदा म्हटलं, "पपा, हिब्रूत सरळ अंधार आहे." ते म्हणाले, "आहे ठाऊक मला." आवाज असा की मी पुन्हा ग्रीक वाचायला लागले. मग एका सकाळी डाळ बघून स्वयंपाकघरातून आले तर पपा खिडकीकडे तोंड करून बसलेले. उन्हासमोर त्यांनी स्वतःचा हात धरला होता आणि बोटं हलवून बघत होते. एकदा जवळ, एकदा लांब. मी दारातच थांबले. तोवर मला वाटायचं, या स्तोत्रात अडकलेली मी एकटी आहे. पपांना तो एक शब्द का लिहवत नव्हता ते तेव्हा कळलं, आणि माझा राग जिथल्या तिथं राहून त्याच्या शेजारी भीती येऊन बसली. हे दिवस संपणारच नाहीत, ते शब्द खोडत राहतील आणि मी ग्रीक वाचत राहीन, असं मला वाटलं.

इस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असायची. एक बुधवार आमच्याकडे. समितीनं सांगितलं होतं की मसुदे साध्या लोकांत मोठ्यानं वाचून बघा, त्यांना काय ऐकू येतं ते कळवा. पपा म्हणाले, "अठ्ठ्याऐंशीवं वाचूया."

"शेवट कुठला वाचू?"

पपांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "हिब्रूत आहे तसाच वाच. एकदा कानांवर पडू दे."

आता इथं आमची एक रीत सांगायला हवी. आमच्या मंडळीत स्तोत्र वाचून झालं की त्यापाठोपाठ गौरव म्हणतात. पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो, या अर्थाच्या ठरलेल्या ओळी. सुरुवात वाचणाऱ्यानं करायची, लोकांनी उठून उभं राहून साथ द्यायची. स्तोत्र आनंदाचं असो की मरणाचं, गौरव ठरलेला. वाचणाऱ्याचा शेवटचा शब्द पडायच्या आत लोकांचे गुडघे सरळ व्हायला लागतात, इतकी ती अंगवळणी पडलेली गोष्ट.

दुपारी चारची वेळ होती. पुढच्या खोलीत खुर्च्या, सतरंज्या, दारापर्यंत माणसं. बहुतेक बायका, प्रेसमधून निवृत्त झालेले दोघे-तिघे काका. उपवासकाळ म्हणून खायला काही नाही, फक्त लिंबाचं सरबत. पण शांतामावशी न विचारता द्राक्षांची पाटी घेऊन आल्या होत्या. या शांतामावशी मूळच्या नांदगावकडच्या, चर्चची साफसफाई करायच्या, आवाज खणखणीत, आणि बसायच्या नेहमी अगदी पुढे, पपांच्या पायांशी. मी उभी राहून वाचायला लागले. सावकाश, सूर न लावता, पपांनी शिकवलं होतं तसं. मला कोंडून घातलंय आणि मला बाहेर निघता येत नाही, या ओळीला माझा आवाज जरा हलला. मी सावरले. शेवटाला आले. "माझ्या ओळखीचा राहिला तो अंधार," मी वाचलं आणि थांबले.

सवयीनं लोक उठले. सतरंज्या सरकल्या, बांगड्या वाजल्या, खुर्च्यांचे पाय कुरकुरले. मी गौरव सुरू करायचा होता. मी तोंड उघडलं, पण ते शब्द काही केल्या निघेनात. ठरवून केलं नाही. त्या माणसाच्या अंधारावर मी लगेच झाकण घालायचं हे मला जमेना, बस. सगळे उभे आणि कुणीच काही म्हणत नाही. स्वयंपाकघराच्या दारात आई सरबताचा ट्रे घेऊन उभी, तीही थबकलेली. जेलची घंटा झाली. ती पूर्ण वाजून संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"सुवार्ता?" पपा म्हणाले.

मी हातातली वही मिटली.

पपांनी मान इकडून तिकडे वळवली. मग माझ्याकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "लोक उभे राहिलेत का गं?"

भर दुपार. खिडक्या सताड उघड्या. शांतामावशी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या जरा वाकल्या, पपांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि एरवीच्या मानानं अगदी हळू म्हणाल्या, "सायेब, मी तुमच्या पुढ्यातच उभी हाय की."

ट्रेमधले ग्लास किणकिणले. पपांना आता म्हणता आलं असतं की उन्हाची तिरीप आली, झोप झाली नाही, काहीही. लोकांनी मानलं असतं. लोकांना पाळकांचं मानायची सवय असते. ते खुर्चीच्या हातावर बोटं दाबून बसले होते.

"बसा," ते म्हणाले. "सगळे बसा. हे स्तोत्र इथंच संपतं." लोक बसले. "मला दिसत नाही. दोन वर्षं होत आली. दाराशी तुम्हाला नावानं हाक मारतो ती नावं ही सांगते मला. वाचते ही, लिहिते ही. मी हिला घरात कोंडून ठेवली आहे."

कोंडून हा शब्द त्यांनी वापरला. मी भिंतीला टेकले आणि रडले, सगळ्यांसमोर, आवाज करून. कुणी मला गप्प केलं नाही. निवृत्त काकांपैकी एकजण चष्मा काढून पुसत बसले. शेवटी शांतामावशी म्हणाल्या, "मंग आज गौरव राहू द्या. पुढल्या बुधवारी दोनदा म्हनू." आणि त्यांनी द्राक्षांची पाटी फिरवायला घेतली. लोकांनी द्राक्षं खाल्ली, पपांचा हात हातात घेतला, प्रत्येकानं स्वतःहून आपलं नाव सांगितलं, आणि घरी गेले.

मला वाटलं होतं पपा रागावतील. मी त्यांना लोकांसमोर उघडं पाडलं होतं, मनात नसलं तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेणकापड पुसत होते, तेव्हा ते म्हणाले, "शेवटच्या ओळीत अंधार लिही. ग्रीक तळटीपेत टाक." मी लिहिलं. मग म्हणाले, "राहुरीचे प्रवेश कधी सुरू होतात?" मी तारीख सांगितली, ती मला पाठच होती. पपा म्हणाले, "मग तोवर किती होतंय बघू," आणि कालु, व लो एत्से एवढंच स्वतःशी एकदा पुटपुटले.

बिशपसाहेब आले, पपांशी बराच वेळ बोलले, चांगले वागले. पण घर सोडावं लागलंच. आईच्या शाळेच्या पगारावर जेल रोडला दोन खोल्या घेतल्या. सुधीर मनमाडहून सामान हलवायला आला, दिवसभर कुणाशी बोलला नाही आणि जाताना पपांना म्हणाला, "मीही बाहेरचा का?" पपांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. समितीनं काम काढून घेतलं नाही. आठवड्यातून दोनदा एक विद्यार्थी वाचायला पाठवायचं ठरवलं. पोरगं बिचारं तोंडातल्या तोंडात वाचायचं. म्हणून एप्रिल-मे मी उरलेली स्तोत्रं कॅसेटवर भरली. पंखा बंद करून, दारं लावून, घामानं चिंब होऊन, हिब्रू एका बाजूला, ग्रीक दुसऱ्या बाजूला. नंतर पपा मला सांगायचे, "तुझ्या स्तोत्रांतून गाड्या फार जातात."

ते भाषांतर पुढे छापून आलं. माझ्याकडे प्रत आहे. अलीकडे माझ्याही चष्म्याचा नंबर भराभर वाढतो आहे. डॉक्टर काळजीचं काही नाही म्हणतात. तरी कधी कधी मी खिडकीसमोर हात धरून बोटं हलवून बघते.

त्या जूनमध्ये मी राहुरीला निघाले. सकाळची एसटी, सिन्नर-संगमनेरवरून जाणारी. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, वर द्राक्षांचा मोसम संपला म्हणून शांतामावशींनी मनुका. पपा स्टँडवर आले, आईच्या दंडाला धरून. गाडीच्या दाराशी, उतारूंच्या गर्दीत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. आम्हीही मिटले. फेरीवाला पेपरची नावं ओरडत होता.

"प्रभू, ही चालली," पपा म्हणाले. "घर रिकामं होईल. मला दिसत नाही, आणि मला भीती वाटते."

ते थांबले. मी वाट बघत राहिले. माझ्या शेजारी आईही वाट बघत होती, हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं. आता "पण" येईल, आता आभार येतील.

"आमेन," पपा म्हणाले.

आम्ही दोघींनी आमेन म्हटलं, आणि मी गाडीत चढले.